एक बाग, दोन वारे: हवामान केंद्राचे आकडे वाचून आंब्याची फवारणी बागेतच कशी ठेवायची

कोकणातल्या आमच्या महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र गावाला आठवतं ते फळपीक विम्याच्या वेळी. अवकाळी पाऊस किती झाला, रात्रीचं तापमान किती उतरलं, वारा किती सुटला आणि त्यावर भरपाई बसते का, एवढ्यापुरतंच. बाकी वर्षभर तो खांब उभा असतो आणि आम्ही त्याच्याकडे न बघता पंप चालू करतो. खरं तर विम्यासाठी ज्या वाऱ्याची नोंद होते, त्याच वाऱ्यावर आपलं औषध मोहोरावर बसणार की खालच्या वाडीतल्या विहिरीत जाणार हे ठरतं.

मला हे उशिरा कळलं. जानेवारीतली सकाळ होती. आदल्या दोन दिवसांच्या मळभाने मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे वाढलेले, म्हणून साडेसातलाच फवारणी सुरू केली. पान हलत नव्हतं. वाटलं, याच्यासारखी वेळ नाही. तासाभराने खालच्या वाडीतल्या काकी गडग्यापाशी, म्हणजे बागेच्या दगडी बांधापाशी, आल्या. "औषधाचो वास थेट खळ्यात येता हा रे. कुळीथ वाळत घातलेले आसत." त्यांचं खळं माझ्या शेवटच्या कलमापासून चांगलं लांब आहे, मध्ये एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढाही आहे. वारा नव्हता, तरी औषध तिथवर पोचलं होतं. मी पंप बंद केला, त्यांचा कुळीथ भरून द्यायचं कबूल केलं आणि 'वारा नाही म्हणजे फवारणी सुरक्षित' हा माझा समज तिथेच संपला.

त्यानंतरच्या हंगामांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं हापूसच्या बागेची आहेत. काजूवर ढेकण्या किडीसाठी फवारणी करणाऱ्यांनाही हे जसंच्या तसं लागू पडेल.

आधी थेंबाची गोष्ट

पंपाच्या गनमधून एका मापाचे थेंब निघत नाहीत. मोठे, मध्यम आणि धुक्यासारखे बारीक, असे सगळे एकदम निघतात. थेंबाचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजतात. आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. ४०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला दीड मीटरपेक्षा जास्त वेगाने खाली येतो. २०० मायक्रॉनचा सुमारे ७० सेंटीमीटरने आणि १०० मायक्रॉनचा सुमारे २७ सेंटीमीटरने. आता हे आपल्या कलमाला लावून बघा. जुन्या हापूसचा शेंडा ८ मीटरवर असेल आणि तिथून सुटलेला १०० मायक्रॉनचा थेंब पानाला न लागता खाली येत असेल, तर त्याला जमिनीवर यायला अर्धा मिनिट लागतो. वारा ताशी १० किलोमीटर असेल, तर त्या अर्ध्या मिनिटात तो ८० मीटरच्या आसपास जातो. ४०० मायक्रॉनचा थेंब त्याच वाऱ्यात १५ मीटरच्या आत पडतो.

कापूस किंवा भाजीवर फवारा कमरेच्या उंचीवरून खाली जातो. आपण मात्र आभाळाकडे तोंड करून मारतो. म्हणून फवारणीच्या पुस्तकांत वाऱ्याच्या ज्या मर्यादा दिलेल्या असतात त्या आपल्याला जरा आखडूनच घ्याव्या लागतात.

थेंब वाटेत सुकतोही. हवा कोरडी असेल तर २०० मायक्रॉनचा थेंब बारीक होत जातो, आणि बारीक झाला की अजून लांब जातो. म्हणजे बघायच्या गोष्टी चार: वाऱ्याचा वेग, त्याची दिशा, हवेचा कोरडेपणा आणि हवा वरखाली मिसळते आहे की थरासारखी साचली आहे. पहिल्या तीन गोष्टी हवामान केंद्र थेट सांगतं. चौथी आपल्याला काढावी लागते. मी चुकलो ते त्या चौथीत.

बागेचा नकाशा हाताने काढा

वहीचं एक पान घ्या. वर उत्तर. बागेची हद्द काढा आणि हद्दीपलीकडे चहूबाजूंना काय आहे ते लिहा: घरं, खळी, विहीर, पाणवठा, गुरांचा गोठा, शाळेची वाट, कोणाची भाजी, कोणाच्या मधमाश्यांच्या पेट्या, खाडी किंवा कोळंबीचं तळं. आंब्यावर वापरली जाणारी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं मासे आणि कोळंबीला फार विषारी आहेत, त्यामुळे खाडीकाठच्या बागायतदाराने पाण्याची बाजू लाल पेनने काढावी. बागेतला उतारही बाणाने दाखवा. सडा (कातळाचं पठार) कुठे, पऱ्या कुठे, वहाळ (मोठा ओढा) कुठे. पुढे त्याचं काम आहे.

हे पान मी प्लास्टिकमध्ये घालून पंपाच्या खोलीत लावलंय. गड्यांना तोंडी सांगण्यापेक्षा त्यावर बोट ठेवून सांगितलेलं लक्षात राहतं. आमच्याकडचे बरेचसे गडी नेपाळचे. त्यांना गावातल्या वाडीचं नाव कळत नाही, पण चित्रातली विहीर बरोबर कळते.

जवळची केंद्रं शोधा, किमान दोन

महाराष्ट्रात २०१७ पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली. राज्यभरात ती दोन हजारांहून जास्त आहेत. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद तिथे होते. तुमच्या मंडळाचं केंद्र नेमकं कुठे उभं आहे ते कृषी सहायकांना विचारा आणि एकदा स्वतः जाऊन बघा. हे बघणं महत्त्वाचं आहे. खांब उघड्या सड्यावर असेल तर त्याचा वारा तुमच्या खोऱ्यातल्या बागेपेक्षा जास्त दिसेल. इमारतीच्या किंवा झाडांच्या आडोशाला असेल तर कमी दिसेल. वारा मोजायचं यंत्र किती उंचीवर आहे तेही बघा. हवामानशास्त्रात वारा १० मीटर उंचीवर मोजायचा प्रघात आहे. मोकळ्या जागी २ मीटरवर त्याचा साधारण पाऊण वेग असतो, म्हणजे वर १२ दिसला तर खाली ९ च्या आसपास. आपल्या कलमाचे शेंडे त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतात. मी सवलत न घेता वरचाच आकडा धरतो.

भारतीय हवामान विभागाच्या वेधशाळा रत्नागिरी आणि हर्णैसारख्या ठिकाणी आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, आणि 'मेघदूत' ॲपवर पुढच्या दिवसांचा अंदाज मिळतो. हे आठवड्याची आखणी करायला चांगलं. पण एक फरक पक्का लक्षात ठेवा: अंदाज वेगळा आणि मोजलेला आकडा वेगळा. मोबाईलवर वाऱ्याचे रंगीत नकाशे दाखवणारी ॲप बहुतेक वेळा संगणकाने काढलेला अंदाज दाखवतात. नळी हातात घ्यायची की नाही हे अंदाजावर ठरवायचं नाही. ते केंद्रावर मोजलेल्या आकड्यावर आणि बागेत उभं राहून ठरवायचं.

दोन केंद्रं का, तर कोकणात एक समुद्राकडचं आणि एक आपल्या जवळचं बघितलं की वारा यायच्या आधी कळतो. खारा वारा, म्हणजे दिवसा समुद्राकडून येणारा, किनाऱ्यावर आधी पोचतो, आत नंतर. किनाऱ्याकडच्या केंद्रावर दिशा पूर्वेची पश्चिम झाली की आपल्याकडे किती वेळाने तोच बदल होतो, ते आठ-दहा दिवस लिहून ठेवा. बाग खाडीच्या तोंडाशी असेल तर हे अंतर थोडं, घाटाकडे असेल तर जास्त. एकदा तुमच्या बागेचं अंतर हाती आलं की किनाऱ्यावरचं केंद्र म्हणजे तुमची पूर्वसूचना. केंद्रांच्या जाळ्याचा खरा उपयोग मला हाच वाटतो. एकटं केंद्र आत्ताची गोष्ट सांगतं, दोन केंद्रं मिळून पुढच्या तासाची सांगतात.

आकडे वाचताना होणाऱ्या चुका

पहिली चूक दिशेची. हवामानात वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. ९० अंश म्हणजे पूर्वेकडून येणारा, औषध पश्चिमेला नेणारा. २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून येणारा, औषध पूर्वेला नेणारा. ० किंवा ३६० उत्तर, १८० दक्षिण. काही ॲपवर बाण वारा जातो तिकडे दाखवतात, त्यामुळे गोंधळ होतो. वहीच्या नकाशावर मी सरळ लिहून ठेवलंय: "९० = औषध खाडीकडे. २७० = औषध वाडीकडे."

दुसरी चूक एककाची. सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. '४' हा आकडा बघून निवांत झालात आणि तो मीटर प्रति सेकंद असेल, तर प्रत्यक्षात ताशी १४ किलोमीटरचा वारा आहे.

तिसरी चूक सरासरीची. स्क्रीनवर सरासरी ८ असेल आणि मधला झोत १८ चा असेल, तर औषध नेणारा तो झोत असतो. झोताचा आकडा सरासरीच्या दुपटीपेक्षा जास्त दिसला तर मी थांबतो.

आणि केंद्र बिघडलेलं असू शकतं. आपल्याकडची खारी हवा वारा मोजणाऱ्या वाट्यांच्या बेअरिंगमध्ये शिरते, कोळी जाळी करतात. झाडं डोलताहेत आणि केंद्र सलग शून्य दाखवतंय, असं झालं तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

दिवसाचे दोन वारे ओळखा

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केले होते. आंबा बागायतदाराला ते रोज लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे पालवी, मोहोर आणि कणीच्या (नुकत्या धरलेल्या बारीक फळांच्या) फवारण्या चालतात त्या काळात, रात्री जमीन निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई, साधारण पूर्वेचा किंवा ईशान्येचा. सकाळी ऊन वर आलं की तो मंदावतो, मध्ये काही वेळ वारा दिशाहीन होतो, आणि मग समुद्राकडून खारा वारा येतो, पश्चिमेचा किंवा वायव्येचा. दुपारी तो जोर धरतो आणि संध्याकाळी ओसरतो.

सलग सात दिवस, फवारणी नसलेल्या दिवशीही, सकाळी ७ पासून दर अर्ध्या तासाने केंद्राची दिशा आणि वेग लिहा. नोंद अशी दिसेल, नमुन्यासाठी देतो: "७:३०, ७० अंश, २ किमी. ९:००, ८० अंश, ६ किमी. १०:००, दिशा फिरती, ३ किमी. ११:००, २८० अंश, ८ किमी. १:००, २९० अंश, १७ किमी." तुमच्या बागेच्या वेळा वेगळ्या येतील, महिन्यागणिक सरकतीलही. पण सात दिवसांत ठेका दिसायला लागतो.

काही दिवस हा ठेका मोडतो. पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत हटत नाही, खारा वारा उशिरा येतो आणि त्या दिवशी उकाडा भडकतो. किनाऱ्याकडचं केंद्र बारा वाजताही ९० च्या आसपास दाखवत असेल तर तो दिवस असा आहे असं समजा. त्या दिवशी दुपारची फवारणी अजिबात नको.

मर्यादा ठरवा आणि पाळा

माझ्या बागेसाठी मी ठरवलेली मर्यादा सांगतो. वारा ताशी ३ ते १० किलोमीटर असेल तर फवारणी. १० ते १५ मध्ये फक्त बागेच्या आतल्या ओळी, ज्यांच्या वाऱ्याखाली, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, अजून पुष्कळ कलमं उभी आहेत. १५ च्या वर बंद. आणि ३ च्या खाली? तिथेही बंद, त्याचं कारण पुढे येतं.

यंत्र हाताशी नसेल तर झाडांकडे बघा. धूर सरळ वर जात असेल तर वारा ताशी १ किलोमीटरपेक्षा कमी. धूर तिरका होतो, पण पान हलत नाही, तेव्हा १ ते ५. तोंडाला वारा जाणवतो आणि पानं सळसळतात, तेव्हा ६ ते ११. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर १२ च्या पुढे गेलात.

कोरडेपणासाठी नुसती आर्द्रता बघू नका. कोरड्या आणि ओल्या (ज्याच्या टोकाला भिजलं फडकं असतं अशा) थर्मामीटरच्या तापमानातला फरक बघा. फवारणी करणारे जगभर हा फरक वापरतात: २ ते ८ अंश चांगला, १० च्या वर थांबायचं. केंद्रावर तापमान आणि आर्द्रता असते, त्यावरून तो काढता येतो, काही ॲप थेट देतात. आपल्याकडची तीन उदाहरणं लक्षात ठेवली तरी पुरे. सकाळी २० अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना फरक सुमारे १ अंशाचा असतो, म्हणजे थेंब सुकत नाही, पण बारीक तुषार तसेच तरंगत राहतात. २८ अंश आणि ६० टक्के असताना सुमारे ६, ही उत्तम वेळ. ३३ अंश आणि ३५ टक्के असताना ११ च्या पुढे, थेंब हवेतच बारीक होतो. पूर्वेच्या वाऱ्याच्या त्या तापलेल्या दुपारी नेमकं हेच होतं.

पहाटेची शांत हवा

आता माझ्या चुकीकडे येतो. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते आणि तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवा जड, ती वर जात नाही. वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. त्या थरात सोडलेले बारीक तुषार वर मिसळत नाहीत आणि विरळही होत नाहीत. आणि कोकणात जमीन सपाट कुठे आहे? गार हवा सड्यावरून पाण्यासारखी उताराने पऱ्यात उतरते, पऱ्यातून वहाळाकडे, वहाळाकडून वाडीकडे. सड्यावरच्या केंद्रावर वारा शून्य, माझ्या कलमांत पान हलत नाही, आणि तरी औषध घरंगळत काकींच्या खळ्यात. पावसाचं पाणी ज्या वाटेने जातं त्याच वाटेने ते गेलं. म्हणून नकाशावर उताराचा बाण काढायचा.

ही स्थिती ओळखायला दोन साधे थर्मामीटर पुरतात. एक पऱ्याजवळ खाली, एक बागेच्या वरच्या टोकाला, दोन्ही सावलीत, जमिनीपासून दीड मीटरवर, मातीच्या किंवा पत्र्याच्या भिंतीपासून लांब. सकाळी ७ ला खालचा आकडा वरच्यापेक्षा कमी असेल तर झाकण बसलेलं आहे. जसजसं ऊन चढतं तसतसे दोन्ही आकडे जवळ येतात आणि मग खालचा वरच्याला गाठतो. तो गाठेपर्यंत पंपाला हात लावायचा नाही. मंडळाचं केंद्र सड्यावर असेल तर वरच्या थर्मामीटरचं काम तेच करेल, खाली एकच लावा.

थर्मामीटर नसेल तर धूर बघा. मी सकाळी वरच्या गडग्यावर उभा राहून वाडीतल्या चुलींचा धूर बघतो. पाणी तापवायचे बंब पेटलेले असतात. झाकण असेल त्या दिवशी धूर माडांच्या शेंड्यापर्यंत जातो आणि तिथे आडवा पसरतो, पांढऱ्या पट्ट्यासारखा, आणि हळूहळू पऱ्याच्या दिशेने सरकतो. झाकण उठलं की तोच धूर वर जाऊन विरतो. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, त्यामुळे आमच्याकडे साडेआठ-पावणेनऊच्या आत क्वचितच हवा मोकळी होते. संध्याकाळीही हेच उलट्या क्रमाने होतं, म्हणून सूर्यास्ताच्या तासभर आधी पंप बंद.

'पहाटे लवकर मारा, वारा नसतो' हा सल्ला आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. सांगणाऱ्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे, पण खोऱ्यातल्या बागेसाठी तो सल्ला चुकीचा आहे असं मी स्पष्ट म्हणतो.

बागेचे तुकडे वाऱ्याप्रमाणे पाडा

या लेखातली मुख्य गोष्ट हीच. दिवसातून दोनदा दिशा बदलणारा वारा ही कोकणाची अडचण वाटते, पण ज्याला हद्दीवरची कलमं फवारायची आहेत त्याला ती सोय आहे. नियम एकच: हद्दीवरच्या ओळी अशा वेळी फवारायच्या की वारा हद्दीकडून बागेच्या आत येत असेल.

बागेच्या पूर्वेला वाडी आहे? मग पूर्वेकडच्या ओळी मतलई चालू असताना, म्हणजे झाकण उठल्यापासून वारा फिरेपर्यंत. तेव्हा औषध पश्चिमेला, आपल्याच कलमांवर जातं. पश्चिमेला विहीर किंवा खाडी आहे? तिकडच्या ओळी खारा वारा आल्यावर, पण तो १० च्या आत आहे तोवर. आम्हाला ही वेळ पाऊण ते एक तास मिळते, किनाऱ्याजवळ त्याहून कमी मिळेल. मधल्या फिरत्या वाऱ्यात पंप बंद ठेवून चहा घ्यायचा. त्या वेळी दिशा मिनिटामिनिटाला बदलते.

पश्चिमेच्या ओळी संध्याकाळी खारा वारा ओसरताना घेता येतात, आणि फुलोऱ्यात मला ती वेळ जास्त पसंत आहे, कारण सकाळी मोहोरावर मधमाश्या आणि माश्या भरपूर असतात. आंब्याचं परागीभवन त्यांच्यावरच आहे. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक शक्यतो टाळावं, आणि कुठलं औषध कितव्या फवारणीला हे विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणेच घ्यावं.

तुकडा कुठला ते ठरलं की ओळींचा क्रम: वारा ज्या टोकाकडे जातो तिथून सुरुवात, आणि एकेक ओळ वाऱ्याच्या तोंडाकडे सरकत यायचं. म्हणजे गन धरणारा कायम न फवारलेल्या, स्वच्छ हवेत असतो. शेवटची ओळ हद्दीवरची. तिथे गडग्याला पाठ, वाऱ्याला पाठ, आणि गन बागेच्या आत. उत्तर-दक्षिण हद्दीला एवढी सरळ सोय नसते. तिथे दिशा थोडी कलून आपल्या बाजूला येईल तो दिवस पकडावा लागतो, आणि येत नसेल तर शेवटच्या एक-दोन ओळी सोडून द्याव्यात. सोडलेल्या ओळीतला आंबा थोडा डागेल. विहिरीत औषध जाण्यापेक्षा तो परवडतो.

पंप आणि गन

दाब वाढवला की फवारा उंच जातो असं वाटतं, आणि काही अंशी खरंही आहे, पण थेंब बारीक होतो. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबातल्या पाण्यात १०० मायक्रॉनचे ६४ थेंब होतात, आणि ते ६४ वाऱ्यावर जाणारे. शिवाय पाणी दुप्पट सोडायचं तर दाब चौपट लागतो, म्हणून जास्त पाणी हवं असेल तर नोझलचं छिद्र बदला, दाब नको. गनची मूठ फिरवून अगदी धुकं करायची सवय मोडा. शेंड्यापर्यंत पोचायला बांबूला बांधलेला लान्स (ज्याच्या टोकाला नोझल असतं ती नळी) लांब करा, म्हणजे नोझल पानाजवळ जातं आणि थेंबाला हवेतून जायचं अंतर कमी होतं. झिजलेली नोझल हंगामाच्या सुरुवातीला बदला. आणि कलमांची मधली फांदी काढून, उंची कमी राखून छाटणी केली असेल तर आभाळाकडे गन धरायची वेळच कमी येते.

फवारणीच्या दिवशी

आदल्या संध्याकाळी अंदाज बघून तुकडा ठरवतो आणि वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो: "उद्या सकाळी ९ ते १० पूर्वेची बाजू. खळ्यातलं वाळवण झाका, विहिरीवर झाकण टाका." आमच्या भागातल्या काही बागायतदारांनी मिळून एक दुसरा ग्रुप केलाय. किनाऱ्याजवळचा एकजण वारा फिरला की "खारा आला" एवढंच लिहितो. ते दोन शब्द आले की आत असलेले आम्ही सगळे घड्याळ बघतो.

सकाळी दोन थर्मामीटर, धूर, मग केंद्राचा आकडा. तिन्ही जुळले तरच औषध ड्रममध्ये घालायचं. हा क्रम मुद्दाम सांगतो. २०० लिटरचा ड्रम आधी कालवून ठेवला की तो वाया जाऊ नये म्हणून माणूस नको त्या वाऱ्यात मारतो. मी स्वतः तसं केलंय. आता अर्धाच ड्रम कालवतो.

बागेत एका उंच काठीला जुन्या साडीची पातळ पट्टी बांधा, गन धरणाऱ्याला दिसेल अशी. केंद्र मंडळाचा वारा सांगतं, पट्टी या कलमाचा सांगते. दर २० मिनिटांनी एकाने आकडा आणि पट्टी बघून वेळ, दिशा, वेग वहीत लिहायचं. पट्टी उलटी फिरली की शिट्टी, आणि शिट्टी झाली की गन लगेच बंद, ओळ अर्धी राहिली तरी.

गड्यांना मास्क, चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडे तुम्ही द्यायचे, आणि वापरले जाताहेत हे तुम्हीच बघायचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले. घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, लाळ, यातलं काहीही दिसलं तर काम थांबवून अंग धुवायचं, १०८ ला फोन करायचा आणि औषधाचं लेबल बरोबर न्यायचं. डॉक्टरांना उपचार त्यावरूनच ठरवता येतात.

निळीची परीक्षा

हे सगळं कागदावर पटतं, पण आपल्या बागेत खरोखर किती लांब जातं ते डोळ्यांनी बघायला हवं. हंगामाआधी एक सकाळ काढा. ड्रम आणि पंप तीन वेळा धुवा. स्वच्छ पाण्यात कपड्यांची पातळ नीळ घाला, औषध अजिबात नाही. हद्दीवरच्या कलमापासून वाऱ्याखाली ५, १०, २०, ४० आणि ८० मीटरवर जुन्या पांढऱ्या चादरीचे हातभर तुकडे काठ्यांना बांधा. एक कलम नेहमीसारखं फवारा. त्या वेळचा केंद्राचा आकडा लिहा. मग एकेका फडक्यापाशी जाऊन बघा. जवळच्या फडक्यावर टपोरे डाग असतात, पुढे ते टाचणीच्या टोकाएवढे होतात, आणि त्याच्याही पुढे फडकं उन्हात धरल्यावर नुसती निळसर झाक दिसते. तीही मोजायची.

मग दाब कमी करून, लान्स लांब करून, तशाच वाऱ्यात नवी फडकी लावून पुन्हा एकदा. दोन्ही वेळची फडकी अंतर लिहून मी पंपाच्या खोलीत त्या नकाशाशेजारी टांगली आहेत. ४० मीटरवरच्या जोडीतलं पहिलं निळसर आहे, दुसरं जवळपास पांढरं. दरवर्षी नवा गडी आला की त्याला पहिल्या दिवशी ती जोडी दाखवतो, मग खिडकीतून खालचं खळं दाखवतो, आणि मग गन हातात देतो.